बाई, सानिकाचं उत्तर चुकलं होतं

वाचकहो, तीन आठवड्यांपूर्वी वारलेल्या बाईंनी आज सकाळी तुमच्या मुलांची हजेरी घेतली, तर चालेल का तुम्हाला?

लगेच उत्तर देऊ नका. आमच्या जिल्ह्यातल्या एका शाळेत हे चाललंय. मुलं एकेक करून 'हजर' म्हणतात, पडद्यावरच्या बाई मान हलवतात, आणि कुठल्याशा कागदावर 'वर्ग सुरू' अशी खूण होते.

चौगुले बाई, माफ करा. तुमच्याशी बोलायला बसले आणि तोंड लोकांकडं केलं. तुम्ही असता तर म्हणाला असता, "पत्रकवाली, आधी काय झालंय ते सांग, मग बोंब मार." सांगते.

तुमची शोकसभा तुमच्याच शाळेच्या हॉलमध्ये झाली. फोटोला हार होता. तो फोटो तुम्हाला आवडला नसता. त्यात तुम्ही गप्प बसलेल्या दिसता. एक साहेब बोलले. त्यांचं नाव लिहीत नाही, कारण त्यांच्या जागी दुसरे असते तरी हेच बोलले असते. "बाई गेल्या असं आम्ही मानतच नाही," ते म्हणाले. "बाईंचे पाठ आपल्याकडं रेकॉर्ड करून ठेवलेले आहेत. डोंगरातल्या मुलांना बाई यापुढंही अशाच शिकवत राहतील." टाळ्या पडल्या. बाई, मीही वाजवल्या. डोळ्यांत पाणी होतं आणि हात आपोआप एकमेकांवर आपटत होते. जिना उतरताना कळलं, आपण कशाला टाळ्या दिल्या.

त्या जिन्याखालीच तुमची खोली. पूर्वी तिथं लेझीम आणि फाटके फुटबॉल ठेवायचे. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या त्या अंधाऱ्या खोलीतून दर मंगळवारी आणि गुरुवारी तुम्ही कॅमेऱ्यापुढं उभ्या राहायचात, आणि तिकडं शाहूवाडीच्या डोंगरात, एका वाडीवरच्या शाळेत, सहावी-सातवीची चौदा पोरं पडद्याकडं बघत गणित शिकायची. त्या शाळेत शिक्षकांच्या दोन जागा. एक भरलेली, एक कित्येक वर्षं रिकामी. असलेले एकटे गुरुजी शेजारच्या खोलीत खालचे सगळे वर्ग घेऊन बसलेले. गणिताची बाई म्हणजे तुम्ही, तीही भिंतीवर.

मी ह्या प्रकाराच्या विरोधात होते. अजूनही आहे. आपलं भांडण तिथूनच सुरू झालं, आणि ते अर्धं टाकून तुम्ही निघून गेलात.

खरं म्हणजे भांडण त्याहून जुनं आहे. माझे आप्पा कबनूरला यंत्रमागावर कामाला होते. आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. वाटून उरलेले गठ्ठे आप्पा घरी आणायचे. त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी अक्षरं गिरवली आणि छापील बाजूवर वाचायला शिकले. मला 'कमळ'च्या आधी 'कामगार' लिहिता आलं. "पत्रक मागणीवर संपलं पायजे," आप्पा सांगायचे. "मागणी नसंल तर ते निस्तं रडणं." अशी मी तुमच्या आठवीच्या वर्गात आले. शाळेच्या तिन्ही बाजूंना माग. खिडक्या लावल्या की उकडायचं, उघडल्या की खडखडाट. तुम्ही खिडक्या सताड उघड्या ठेवायचात आणि मागांच्या वर आवाज काढायचात. एकदा फळ्यावर काळ-काम-वेगाचं गणित होतं, दहा मजूर आणि अमुक दिवस. मी उभी राहून विचारलं, "बाई, ह्या मजुरांना सुट्टी न्हाय का?" वर्ग हसला. तुम्ही हसला नाहीत. "हाय की," म्हणालात. "आधी गणित सोडव, मग त्यांच्यासाठी सुट्टी माग. उत्तर चुकलं तर मालक तुला उभं करणार न्हाय." त्या दिवसापासून मी तुमची पत्रकवाली.

मग तुमची बदली झाली, माझं कॉलेज झालं, आणि मध्ये बरीच वर्षं गेली. गेल्या वर्षी थंडीत मी आणि चार मित्रमैत्रिणी कोल्हापुरात एका कार्यालयाच्या दारात पत्रकं वाटत होतो. मथळा माझा होता: 'पडद्याला हात नसतात'. लोक पत्रक घेतात, पहिली ओळ बघतात आणि घडी घालून खिशात टाकतात. एक बाई मात्र उन्हात उभी राहून चष्मा लावून शेवटपर्यंत वाचत होती. संपल्यावर माझ्याकडं आली.

"तिसरा परिच्छेद खरा हाय. बाकीचं तू न बघता लिवलंयस."

मग मी तोंड बघितलं. "बाई! तुम्ही?"

"व्हय. ज्या पडद्याला हात न्हाईत, त्यातली बाई मीच." आणि पत्रक पर्समध्ये ठेवत म्हणालात, "गुरुवारी अकराला ये. बघ. मग काय छापायचं ते छाप."

तो तिसरा परिच्छेद मला आज मोठ्यानं वाचवत नाही. त्यात लिहिलं होतं: आज पडद्यात जिवंत माणूस आहे. उद्या तोही लागणार नाही.

गुरुवारी आले. कॅमेऱ्याच्या मागं एका मोडक्या बाकावर बसवलंत मला. पडद्यावर एक कौलारू खोली, चौदा डोकी, आणि दारात एक बाई हातात पळी घेऊन उभी.

"ऐकू येतंय न्हवं?" तुम्ही विचारलंत, आणि टेबलाखाली डाव्या हाताची तीन बोटं एकेक करून मिटलीत. तिसरं बोट मिटलं तेव्हा पलीकडून आवाज आला, "व्हय बाईऽऽ!"

"हळू बोला की बाई, डबा फाटतोय!" कुणीतरी ओरडलं. डबा म्हणजे स्पीकर. कबनूरच्या मागांवर मात करून कमावलेला तुमचा आवाज त्या डब्याला पेलत नव्हता. थोड्या वेळानं चित्र थिजलं. तिकडं गोंधळ उठला. "बाई अडकल्या! तोंड उघडंच ऱ्हायलंय!" "आक्का, बाईंस्नी हलवा!" पळीवाली बाई पुढं आली आणि तिनं पडद्याच्या कडेला खरोखर दोन टिचक्या मारल्या. योगायोगानं तुम्ही हललात. पोरांनी टाळ्या पिटल्या.

ती हौसाक्का. शाळेत दुपारची खिचडी शिजवणारी. तिला लिहिता-वाचता येत नाही. तुम्ही एक उदाहरण संपवलं की पोरांना 'कळलं का' असं विचारायचा नाहीत. आक्काला विचारायचात. "आक्का, कुणाला कळलं न्हाय?"

"खिडकीकडच्या दोन पोरीस्नी. माना हलवत्यात निस्त्या. डोळं न्हाईत जाग्यावर."

पडद्यातून जे दिसत नाही, ते आक्का बघायची आणि सांगायची. त्या दिवशी अपूर्णांक होते. एक छेद दोन अधिक एक छेद तीन. एका पोरानं छातीठोक सांगितलं, दोन छेद पाच. वर एक आणि एक दोन, खाली दोन आणि तीन पाच. तुम्ही चूक म्हणाला नाहीत. म्हणालात, "आक्का, भाकरी हाय का?" आक्कानं स्वतःच्या डब्यातली भाकरी आणली. कॅमेऱ्यापुढं तिचे दोन सारखे तुकडे केले आणि एक पोराच्या हातात दिला. मग दुसरी भाकरी घेतली, तिचे तीन केले, त्यातलाही एक दिला.

"आता मला सांग. आधी अर्धी भाकरी खाल्लीस. वर अजून एक तुकडा खाल्लास. आणि तुझं उत्तर म्हणतंय दोन छेद पाच, म्हणजे अर्ध्यापेक्षाबी कमी. मग भाकरी कुठं गेली?"

तीन बोटं मिटली. पोरगं हातातल्या तुकड्यांकडं बघत राहिलं. मागून कुणीतरी ओरडलं, "आक्कानं खाल्ली!" सगळी खोली हसली, आक्कानं पळी उगारली, तुम्ही इकडं डोळ्यांतलं पाणी पुसत हसत होता. त्या हसण्यातच त्या पोराच्या तोंडावर काहीतरी उजाडलं. मी कॅमेऱ्यामागून ते पाहिलं. माझ्या पत्रकात ते नव्हतं.

वर्ग संपल्यावर चहाच्या गाड्यावर आपण भांडलो. तुम्ही म्हणालात, "हात न्हाईत म्हणतीस? बघितलेस न्हवं हात?"

"ते आक्काचे हात आहेत बाई. तुमचे डोळेही तीच. आणि तिचं नाव कुठल्या कागदावर आहे? स्वयंपाकीण म्हणून आहे. उद्या ती थांबली, तर तुमचा वर्ग थांबला."

"न्हाय कागदावर. ते तू लिही. मी गणित शिकवतो, तू कागद बघ."

"तुम्ही चांगलं शिकवता, हाच घोळ आहे. तुमच्यामुळं ती जागा रिकामी आहे हे कुणाला दिसतच नाही."

तुम्ही कपातला चहा संपवलात. मग विचारलंत, "जागा भरूस्तर काय करायचं? ही पोरं सातवीतनं बाहेर पडायची वाट बघायची का, बिनगणिताची?"

बाई, मी तेव्हा म्हणाले की उशीर होतोय, आणि बस पकडली. खरं तर उशीर होत नव्हता.

मार्चमध्ये तुम्ही मला वाडीवर घेऊन गेलात. वर्षात एकदा तरी पोरांनी आपल्याला पायासकट बघावं, असं तुमचं म्हणणं होतं. एसटीतून उतरून चढ चढताना तुम्ही चार वेळा थांबलात. मी चेष्टा केली. आता त्या चार थांब्यांचा अर्थ लागतो. वर्गात गेलात, पोरं कावरीबावरी होऊन तुमच्या चपलांकडं बघत बसली. तुम्ही हजेरी घेतलीत, आणि काय गोंधळ झाला! तुम्ही पहिलं नाव घेतलंत, तर दुसरं पोर 'हजर' म्हणालं. दुसरं घेतलंत, तर तिसरं. तुम्ही थांबलात, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलंत, पुन्हा तेच. मग हौसाक्कानं उलगडा केला. "बाई, तुमी तिकडनं नाव घेता, ते हिकडं यायला येळ लागतोय. पोरांचं हजर तुमास्नी पोचूस्तर तुमी फुडं जाता. सुरवातीला लई जण गैरहजर लागली. मग पोरांनीच ठरवलं, आपल्या आदल्याचं नाव आलं की लगेच ओरडायचं."

तुम्ही त्यासाठीच तीन बोटं थांबायला शिकला होतात. पोरं त्यासाठीच घाई करायला शिकली होती. दोघांनी एकमेकांना सांगितलं नव्हतं. तुम्ही खुर्चीत बसलात आणि हसता हसता म्हणालात, "म्हंजे वर्षभर मी एकाची हजेरी दुसऱ्याला लावली की रे!" येताना एसटीत मला म्हणालात, "ह्यात एक हाय बघ. दोन्हीकडनं धडपड हाय. ती हाय तोवर पडदाबी चालतोय." मी खिडकीबाहेर भाताची कापून मोकळी पडलेली खाचरं बघत होते. मला पटलं होतं. मी पटलं म्हणाले नाही.

जूनमध्ये सहावीला नवी पोरं आली. सानिका त्यातली. दिवाळीनंतर तुम्ही डोक्याला स्कार्फ बांधून कॅमेऱ्यापुढं यायला लागलात. पोरांनी विचारलं, "बाई, हे काय बांधलंय?" "हिकडं लई थंडी हाय रे." डोंगरातली पोरं, ज्यांच्या खोलीत सकाळी तोंडातून वाफ निघते, ती पोट धरून हसली. "कोल्हापुरात थंडी? बाई, हिकडं या की!" तुम्हीही हसलात. मग पडदा बंद केलात आणि बाकावर बसून राहिलात. मी पाणी आणलं. त्या दिवशी तुम्ही मला सांगितलंत, काय झालंय आणि कुठवर गेलंय.

आणि एक मागितलंत. आयुष्यात एकदाच काहीतरी मागितलंत.

"उपचाराच्या आठवड्यात मला उभं राहता येणार न्हाय. तू गणितात बीएस्सी हायस, मोर्च्यातनं वेळ काढून का असंना. तेवढे वर्ग तू घे. खोलीची किल्ली देतो."

बाई, मी जे बोलले ते इथं लिहिते. लपवलं तर हा लेख खोटा होईल. मी म्हणाले, "नको बाई. तुमच्या जागी अजून कुणी फुकट उभं राहिलं की ती सोय होते. सोय झाली की जागा कायमची जाते. वर्ग रिकामा दिसू दे. बोंब होऊ दे. तेव्हाच माणूस नेमतील."

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. रागानं नाही. फळ्यावर कुणी पायरी गाळली की बघायचात, तसं.

"बरं," म्हणालात.

एवढंच. मला वाटलं, मी जिंकले. बाहेर पडताना मान ताठ होती माझी. तत्त्व राखलं होतं ना.

पुढच्या काही दिवसांत, अंगात ताकद होती तेवढ्या दुपारी, तुम्ही त्या जिन्याखालच्या खोलीत एकट्यानं पाठ रेकॉर्ड केलेत. एकूण अकरा. पलीकडं कुणी नसताना हजेरी घेतलीत, सहावीच्या नव्या पोरांच्या नावांसकट. प्रश्न विचारलेत. आणि प्रत्येक प्रश्नानंतर थांबलात. मी ते सगळे पाठ नंतर पाहिले. प्रत्येक थांब्यात तुमचा डावा खांदा किंचित हलतो. टेबलाखाली तुम्ही बोटं मिटताय. समोर रिकामी भिंत, आणि तुम्ही पोरांचा आवाज येईपर्यंत थांबताय. मग म्हणता, "शाब्बास. बरोबर."

म्हणजे ज्या रेकॉर्डिंगच्या जोरावर साहेबांनी तुम्हाला अमर केलं, ती माझ्या नकारातून जन्मली. मी तेवढे वर्ग उभी राहिले असते, तर ती नसतीच.

तरीही तुम्ही पोरांना पुरतं सोडलं नव्हतं. पाठ दाखवला की पोरांच्या वह्या एसटीच्या कंडक्टरकडं द्यायच्या, स्टँडवर तुमच्या यजमानांनी, चौगुले काकांनी, उतरवून घ्यायच्या, तुम्ही हॉस्पिटलच्या पलंगावर तपासायच्या, आणि परतीच्या गाडीनं वर. लाल शाईत. डॉक्टर ओरडायचे. "हे माझं औषध हाय," म्हणायचात. पाठ रेकॉर्ड केलेला होता, पण चूक झाली तर ती चूक आहे हे सांगणारं माणूस जिवंत होतं. त्या साहेबांना हा फरक कळत नाही. की कळतो, माहीत नाही.

शोकसभेनंतर पाच दिवसांनी चौगुले काका आमच्या घरी आले. हातात गोणपाटात बांधलेला गठ्ठा. "ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी ह्या स्टँडवर आल्या होत्या. मी काल आणल्या. पोरी, ह्या आता कुणाकडं द्यायच्या?" त्यांचा आवाज अगदी साधा होता. वह्या परत कुणाला द्यायच्या, एवढीच त्यांना काळजी.

मी सोडून बघितल्या. चौदा वह्या. सानिकाची वही निळ्या कव्हरची, वर भोपळ्याच्या वेलाचं चित्र. अपूर्णांकांची उजळणी. एक छेद दोन अधिक एक छेद तीन बरोबर दोन छेद पाच. आणि शेजारी, वळणदार अक्षरात तिनं लिहिलं होतं: 'बाई बरोबर म्हणाल्या.'

बाई, मी ती वही दोन दिवस उशाशी ठेवली. लाल पेन हातात घेतलं आणि ठेवलं. तुमच्या 'बरोबर'वर मी काट कशी मारू?

तिसऱ्या दिवशी वह्या घेऊन एसटीनं वाडीवर गेले. गुरुवार होता. खोलीत शिरले तेव्हा तुम्ही पडद्यावर होतात, स्कार्फ बांधलेल्या. पाठ अकराच, ते संपले म्हणून पुन्हा पहिल्यापासून लावले होते. तुम्ही हजेरी घेत होता. पोरं 'हजर' म्हणत होती, प्रत्येक जण एक नाव आधी. दारात हौसाक्का पदर तोंडाला लावून उभी होती. मला म्हणाली, "पोरांस्नी ठावं हाय बाई गेल्या ते. मीच सांगितलं. तरीबी म्हणत्यात. नको म्हणाय माझी जीभ उचलंना."

मग तो प्रश्न आला. तुम्ही विचारलंत, तुम्ही थांबलात. सानिका उभी राहिली. दोन वेण्या, एक रिबन सुटलेली. तिनं तुमच्या डोळ्यांत बघून सांगितलं, "दोन छेद पाच."

तिसरं बोट मिटलं असावं. "शाब्बास," तुम्ही म्हणालात. "बरोबर."

सानिका खाली बसायला लागली, आणि दारातून हौसाक्काचा आवाज आला. रडका नाही, भांडका.

"सानिके, ऊठ. अगं अर्धी भाकरी खाल्लीस, वर आणि एक तुकडा खाल्लास. अन् अर्ध्याहून कमी कशी भरली? भाकरी कुठं गेली मग?"

पोरगी गोंधळली. तिनं एकदा आक्काकडं बघितलं, एकदा पडद्याकडं. "पर आक्का, बाई तर बरोबर म्हणाल्या."

तुम्ही पुढचं उदाहरण सांगत होता. मी जाऊन पडदा बंद केला. माझ्या हातानं तुम्हाला बंद केलं, बाई. चिता पाहताना जे झालं नव्हतं ते तेव्हा झालं. मी भिंतीकडं तोंड करून उभी राहिले आणि चौदा पोरांसमोर हमसून रडले. कुणीतरी मागून हळूच म्हणालं, "बाई अडकल्या." ते मला बाई म्हणत होतं.

मग आक्कानं डब्यातली भाकरी आणली.

सानिकाला पाच छेद सहा यायला पाऊण तास लागला. मी शिकवायला वाईट आहे. घाई करते. तुमच्यासारखं थांबता येत नाही. जाताना सानिकानं वही उघडली, 'बाई बरोबर म्हणाल्या' ही ओळ खोडणार होती. मी म्हटलं, राहू दे. खाली दुसरी ओळ लिही. तिनं विचारलं, काय लिहू? मी सांगितलं: 'बाईंनी ऐकलं असतं तर चूक म्हणाल्या असत्या.' तिनं लिहिलं.

परवापासून मी तुमच्या खोलीत उभी राहणार आहे. तुमच्या मुख्याध्यापकांनी किल्ली दिली. जागा भरेपर्यंत मंगळवार आणि गुरुवार. तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला एवढंच सापडलं, आणि तेही तुम्ही ऐकायला उरला नाहीत तेव्हा. माझं म्हणणं मी सोडलेलं नाही. माझ्या उभं राहण्याची सोय होऊ नये म्हणून त्याच दिवशी अर्ज दिलाय: शाळेची जागा रिकामी दाखवा, तिथं माणूस नेमा, आणि वर्गात उभ्या राहणाऱ्या हौसाक्काचं नाव त्या कामासाठी कागदावर घाला. तुम्ही म्हणाला होतात, तू कागद बघ. बघते. पण गणितही घेते. दोन्ही एका माणसाला जमतं, हे तुम्हाला माहीत होतं. मला तुमच्या 'बरं'नंतर तीन महिन्यांनी आणि तुमच्या जाण्यानंतर कळलं.

त्या 'बरं'मध्ये तुम्ही मला माफ केलं होतं का? विचारायचं राहिलं. मी बोटं मिटत बसते, बाई. एक, दोन, तीन. पलीकडून काही येत नाही.

आप्पा म्हणतात, रडणं झालं असेल तर मागणी लिही. तर वाचकहो, पुन्हा तुमच्याकडं वळते.

तुमच्या गावच्या, तुमच्या पेठेतल्या शाळेत असा पडदा असेल तर एक दिवस कामाला दांडी मारा आणि मुलांच्या मागं बाकावर जाऊन बसा. पलीकडून प्रश्न आला की हात वर करून मुद्दाम चुकीचं उत्तर द्या. मोठ्यानं द्या, लाजू नका. पलीकडचं माणूस तुम्हाला अडवून 'भाकरी कुठं गेली' असं काही विचारत असेल, तर त्याला नमस्कार करून घरी या. पण पडदा तुम्हाला 'शाब्बास, बरोबर' म्हणाला, तर उठू नका. शाळा व्यवस्थापन समितीची वही मागून घ्या, त्यात त्या दिवसाची तारीख घाला आणि लिहा: 'ह्या वर्गात शिक्षक नाही.' खाली सही करा. मग शेजारच्या पालकाची सही घ्या. मग त्याच्या शेजारच्याची.